खेळानंतरचा तास वेळापत्रकात हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोळा वर्षे भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत उत्पादन विभागात काम केल्यानंतर गेली काही वर्षे मी व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ हा विषय शिकवतो आहे. कच्चा माल आत येण्यापासून तयार माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचे काम कसे आखावे, साठा किती ठेवावा, ऑर्डर किती द्यावी, काम कुठे तुंबते आणि का तुंबते, असा या विषयाचा आवाका आहे. गेल्या सत्रात एका महाविद्यालयात माझ्या वर्गातील मुले फासे टाकताना दिसली, तेव्हा अभ्यासक्रम मागे पडत असताना हे खेळ कशासाठी, अशी विचारणा झाली. मी माझे म्हणणे मांडले, ते शांतपणे ऐकून घेतले गेले आणि शेवटी असे ठरले की खेळ एका तासात उरकावा व त्यावरची चर्चा मुलांनी आपापली घरी करावी. ही तडजोड सद्भावनेने झाली, याविषयी मला शंका नाही. परंतु तिच्यात जो तास कापला गेला, त्याच तासात खरे शिकणे घडत होते. इतर महाविद्यालयांतील सहकारीही हाच अनुभव सांगतात, म्हणून हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे ठेवत आहे.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एका खेळाचे वर्णन सविस्तर करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास बिअरच्या वितरणावर बेतलेला एक खेळ तयार केला आणि पुढे तो जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत पोहोचला. मी वर्गात बिअरऐवजी बिस्किटांचे खोके धरतो. बाकी नियम तेच ठेवतो. एका संघात चार जागा असतात : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ खोके असतात. दर आठवड्याला प्रत्येकाने एकच निर्णय घ्यायचा, तो म्हणजे वरच्याकडे, म्हणजे कारखान्याच्या दिशेने पुढच्या जागेकडे, किती खोक्यांची ऑर्डर टाकायची. ऑर्डर वर पोहोचायला वेळ लागतो आणि माल खाली यायलाही वेळ लागतो. दोन्ही मिळून सुमारे चार आठवडे जातात. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला अर्धा रुपया खर्च धरायचा आणि वेळेवर न देता आलेल्या प्रत्येक खोक्यामागे एक रुपया. एकमेकांशी बोलायचे नाही. ग्राहकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते, तीही पत्त्यांच्या उलट्या गठ्ठ्यातून दर आठवड्याला एक पत्ता उघडून.

पहिले चार आठवडे ग्राहक ४ खोके मागतो. पाचव्या आठवड्यापासून तो ८ मागतो आणि शेवटपर्यंत ८ च मागत राहतो. संपूर्ण खेळात बाहेरून होणारा बदल एवढाच, आणि तोही एकदाच. तरीही संघामागून संघ एकाच वाटेने जातो. दुकानदाराचा साठा उतरू लागतो आणि तो ऑर्डर वाढवतो. माल लगेच येत नाही, म्हणून तो पुढच्या आठवड्यात आणखी वाढवतो; आधी मागवलेला माल वाटेवर आहे, हे त्या क्षणी त्याच्या हिशेबात राहत नाही. घाऊक व्यापाऱ्याला ही फुगलेली ऑर्डर खरी मागणी वाटते आणि तो तिच्यावर स्वतःची धास्ती चढवून ती वर पाठवतो. ८ खोक्यांच्या मागणीसाठी कारखान्याकडे एका आठवड्यात ३०-४० खोक्यांची ऑर्डर गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग सगळा माल एकदम खाली येतो, चौघांकडे ढीग लागतात आणि कित्येक आठवडे ऑर्डरच्या रकान्यात शून्ये पडतात. बैलगाडीवान मनगट जरासे हलवतो, पण आसुडाचे टोक हवेत केवढा तरी फटका मारते. इंग्रजीत या परिणामाला ‘बुलव्हिप’ हे जे नाव पडले आहे ते अशाच चाबकावरून.

त्याच संस्थेतील संशोधक जॉन स्टरमन यांनी १९८९ साली याच खेळातील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघांना आलेला सरासरी खर्च हा सर्वोत्तम शक्य खर्चाच्या जवळपास दहापट होता, आणि त्याचे मुख्य कारण त्यांनी दाखवले ते हेच, की माणसे मागवलेला पण अजून हाती न आलेला माल मोजत नाहीत. नियम कळत नाहीत म्हणून हे होत नाही. नियम तर पाच मिनिटांत कळतात. उशीर होणार आहे हे ठाऊक असते, कागदावर लिहिलेलेही असते, आणि तरीही रिकामा साठा समोर दिसू लागला की हात जास्तीचा आकडा लिहितो.

खेळ इथे संपतो आणि माझ्या मते शिकणे इथून सुरू होते. फळ्यावर काहीही न लिहिता मी प्रथम दुकानदार सोडून बाकी तिघांना एक कोरा आलेख देतो आणि ग्राहकाची मागणी आठवड्यागणिक कशी गेली असेल ते काढायला सांगतो. जवळजवळ प्रत्येक जण डोंगर आणि दरी काढतो. ग्राहकाने आधी झुंबड केली आणि मग पाठ फिरवली, असे त्या चित्राचे म्हणणे असते. मग मी पत्त्यांचा गठ्ठा सुलटा करून टेबलावर ओळीने मांडतो : ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते ती माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कधी पसरली नाही. ज्या वादळाला आपण तोंड देत होतो असे वाटत होते ते बाहेरून आलेलेच नव्हते, हे मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या आकड्यांत दिसते. दहा मिनिटांपूर्वी तीच मुले एकमेकांवर चिडलेली असतात. खालचा म्हणतो की वरच्याने माल अडवला, वरचा म्हणतो की खालच्याने वाटेल तशा ऑर्डरी टाकल्या. त्यानंतर मी प्रत्येकाला त्याने खेळताना ऑर्डरी नोंदवलेले पत्रक परत देतो आणि ज्या ज्या आठवड्यात वाटेवरचा माल विसरून ऑर्डर दिली त्या आठवड्याला लाल खूण करायला सांगतो. एकही खूण नसलेले पत्रक माझ्या पाहण्यात आलेले नाही. या सगळ्याला पाऊण तास लागतो आणि तो घरी होऊ शकत नाही, कारण घरी समोर बाकीचे तिघे नसतात.

हे मला स्वतःच्या बाबतीतही याच वाटेने कळले. मी एका पुरवठादार कारखान्यात नियोजन पाहत असताना मोठ्या ग्राहक कंपनीचे वेळापत्रक एकाच आठवड्यात दोन-तीनदा बदलून येई. महिनाअखेरीला आम्ही रात्रपाळ्या लावून माल काढायचा आणि पुढच्या महिन्यात तोच माल शेडमध्ये पडून राहायचा, असे वर्षानुवर्षे चालले होते. आम्ही सगळा दोष ग्राहकाला देत असू. पुढे शिक्षक म्हणून हा खेळ घेताना, मुलांच्या पत्रकांवर खुणा करता करता, माझ्या लक्षात आले की पोलाद आणि कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी देताना आम्हीही तेच करत होतो आणि आमच्या मागे असलेल्या, हे भाग ओतणाऱ्या छोट्या फाउंड्रीवाल्याला तो आसूड आमच्यापेक्षाही जोरात बसत होता. बुलव्हिपची व्याख्या तेव्हाही मला पाठ होती.

परीक्षेत आजही हा विषय ‘बुलव्हिप परिणामाची चार कारणे सांगा’ अशा प्रश्नाने येतो. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये ही चार कारणे मांडली : येणाऱ्या ऑर्डरीवरूनच पुढचा अंदाज बांधणे, ऑर्डरी साचवून एकदम देणे, सवलतीच्या योजनांमुळे भाव खालीवर होणे, आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवणे. त्यांच्या मांडणीत लहान मुलांच्या डायपरचे प्रसिद्ध उदाहरण आहे : बाळे डायपर एकसारख्या गतीने वापरतात, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र मोठे हेलकावे खातात. चारही कारणे मुले बिनचूक लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. परंतु चौथे कारण आपल्या डोळ्यांसमोर कसे घडते, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्याने रेमडेसिव्हिरसाठी धावाधाव केली त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. एकाच रुग्णासाठी घरातली पाच माणसे पाच ठिकाणी नाव नोंदवत होती. त्यांचे काहीही चुकले नव्हते, पण नोंदणीच्या वहीत एका रुग्णाचे पाच रुग्ण झाले होते. वर्गात खेळ खेळलेल्या मुलांपुढे हे उदाहरण ठेवले की ती स्वतःच्या पत्रकाकडे बोट दाखवतात. न खेळलेल्या मुलांपुढे ठेवले तर ती ते वहीत उतरवून घेतात.

सर्वच खेळांना एवढा वेळ लागत नाही. फाशांचा जो खेळ पाहून माझ्याविषयी तक्रार झाली तो अर्ध्या तासाचा आहे. इलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ साली तो लोकांपुढे आणला. पाच जण एका ओळीत बसतात आणि आगपेटीतल्या काड्या डावीकडून उजवीकडे सरकवतात. प्रत्येक जण फासा टाकतो. जितके दान पडेल तितक्या काड्या पुढे, मात्र तितक्या काड्या त्याच्याजवळ आलेल्या असतील तरच. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून २० फेऱ्यांत ७० काड्या बाहेर पडाव्यात, असे सगळेच आधी लिहून देतात. प्रत्यक्षात आकडा पन्नाशीच्या आसपास थांबतो आणि उरलेल्या काड्या मधल्या वाटेवर अडकून पडतात. पाचही जणांची क्षमता सारखीच, कोणी आळस केलेला नाही, मग २० काड्या गेल्या कुठे? एखाद्याला मोठे दान पडले तरी समोर काड्याच नसतील तर ते वाया जाते, आणि लहान दान पडले की त्याची तूट पुढच्या प्रत्येकाला भोगावी लागते. म्हणजे ओळीतून तूट पुढे सरकत जाते आणि वरकड तेवढी जागच्या जागी विरते. हे वाक्य मी फळ्यावर लिहीत नाही, कारण वर्गातले कोणी तरी ते आपणहून म्हणेपर्यंत थांबायचे असते. थांबण्याचा तो वेळ पाहणाऱ्याला रिकामा वाटतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तक्रारीचे मूळ तिथेच होते.

नाण्यांचा खेळ त्याहूनही छोटा आहे. चौघांनी २० नाणी क्रमाने उलटायची, प्रत्येक नाण्याला एक सेकंद. वीसच्या वीस उलटून झाल्यावरच गठ्ठा पुढे द्यायचा असेल तर काम ८० सेकंदांत होते. पाच-पाचचे गठ्ठे केले तर ३५ सेकंदांत, आणि एकेक नाणे पुढे सरकवले तर २३ सेकंदांत. कोणाचाही हात जास्त वेगाने चाललेला नसतो. फक्त बॅच, म्हणजे एका वेळी पुढे जाणारा गठ्ठा, लहान झालेली असते. ज्या कारखान्यात एका मालावरून दुसऱ्या मालासाठी यंत्राचे सेटिंग बदलायला दोन तास लागतात म्हणून महिन्याची बॅच एकदम काढली जाते, तिथे सेटिंगचा वेळ कमी करण्यासाठी एवढा जीव का टाकायचा, हे या तीन आकड्यांतून ज्याला समजले त्याला टोयोटाची लहान बॅचची उत्पादनपद्धत शिकवताना अर्धे काम झालेले असते.

लाल मण्यांच्या प्रयोगाविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्याचा संबंध माणसाशी आहे. १९५० साली जपानी उद्योगांना गुणवत्तेचे सांख्यिकी धडे देणारे एडवर्ड्स डेमिंग हा प्रयोग आपल्या व्याख्यानांतून करीत. ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी एका पेटीत मिसळलेले असतात. सहा ‘कामगारांनी’ ५० खळगे असलेली पट्टी पेटीत बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे रिजेक्शन, सदोष म्हणून बाद झालेला माल. शिक्षक मुकादम होतो, कमी लाल मणी काढणाऱ्याचे कौतुक करतो, जास्त काढणाऱ्याला समज देतो, भिंतीवर घोषणा लावतो, आणि मणी आपले यायचे तसेच येत राहतात. मी यासाठी पुण्याच्या रविवार पेठेतून मणी आणले आणि पट्टी एका सुताराकडून करून घेतली. प्रयोगात कौतुक झालेला विद्यार्थी पुढच्या फेरीत ओशाळतो आणि समज मिळालेला मनातून चिडतो, कारण यात आपल्या हातात काहीच नव्हते हे त्याला पक्के माहीत असते. यांतली काही मुले दोन-तीन वर्षांत एखाद्या लाइनवर सुपरवायझर होणार आहेत. रिजेक्शन वाढले म्हणून कंत्राटी कामगाराच्या अंगावर ओरडण्याआधी पेटीत लाल मणी कोणी घातले, असा प्रश्न त्यांच्या मनात एकदा तरी यावा, यासाठी मला तो तास हवा आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते निराधार नाहीत. खेळ नुसताच घेतला तर ती करमणूक होते, हे अगदी खरे आहे आणि माझ्याच हातून ते घडले आहे. पहिल्या वर्षी मी बिस्किटांचा खेळ घेतला, घंटा झाली, मुले आनंदाने बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी मी पुढच्या प्रकरणाला सुरुवात केली. महिन्याभराने विचारले तेव्हा मुलांना कोणता संघ जिंकला ते आठवत होते. कारखान्याकडे मागणी का फुगली हे एकालाही सांगता आले नाही. म्हणूनच, चर्चा कापून खेळ ठेवण्यापेक्षा खेळच रद्द केला असता तर मला कमी वाईट वाटले असते. दुसरा आक्षेप असा की वरच्या वर्गातली मुले गुपित फोडतात. ते होते, त्यासाठी मागणीचे आकडे आणि बदलाचा आठवडा दर वर्षी बदलावा लागतो. तिसरा आक्षेप गुणांचा आहे. खेळातल्या निकालावर गुण देणे चूकच, कारण एकाचा खर्च बाकी तिघांच्या निर्णयांवर अवलंबून असतो. आणि खेळ म्हणजे कारखाना नव्हे, हेही मान्य. आज दुकानदार आणि कारखाना यांच्यात फोन आहे, संगणकावर साठा दिसतो. परंतु संघातल्या सर्वांना एकमेकांचा साठा दिसू दिला तरी हेलकावे कमी होतात, संपत नाहीत. हेही वर्गातच करून पाहता येते, आणि माहिती मिळाल्यावरही उशीर उरतोच, ही जाण मुलांना त्यातून येते.

एक गोष्ट आक्षेपांच्या यादीत कधी येत नाही, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. आमच्या वर्गात तालुक्याच्या ठिकाणाहून, मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुले असतात आणि इंग्रजी व्याख्यानाच्या तासाला ती मान खाली घालून लिहीत राहतात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा दोन सत्रे माझ्या तासाला एकदाही बोलला नव्हता. पत्ते सुलटे झाल्यावर तो उठला आणि दिवाळीच्या तोंडावर कंपनीची ‘दहावर एक मोफत’ योजना आली की आपले वडील तीन महिन्यांचा साबण एकदम कसा उचलतात, मग डिसेंबर-जानेवारीत वितरकाचा माणूस ऑर्डरीसाठी दारात कसा उभा राहतो, आणि दोघेही एकमेकांवर कसे नाराज असतात, हे त्याने मराठीत दहा मिनिटे सांगितले. चारपैकी दोन कारणे त्याने एकही पारिभाषिक शब्द न वापरता पूर्ण समजावून दिली होती. व्याख्यानाच्या तासाला हे ज्ञान त्याच्याजवळ नव्हते असे नाही. ते बाहेर यायला तिथे जागा नव्हती.

या पद्धतीला परदेशी फॅशन म्हणणाऱ्यांनी तिचे वयही पाहावे. उत्पादन समजावण्यासाठी खेळ रचण्याचे काम लेनिनग्राडमध्ये मारिया बिरश्टाइन यांनी १९३२ साली टंकयंत्रांच्या कारखान्यातील जुळणीच्या कामासाठी केले होते. म्हणजे या कल्पनेला नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार करते आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात तो शब्द छापलेला असतो. साधनांचा खर्च म्हणाल, तर फासे, आगपेट्या, नाणी आणि छापील पत्रके एवढ्यात एका वर्गाची सोय शंभर-दोनशे रुपयांत होते. संगणकावरची महागडी सिम्युलेशन घेण्याची गरज नाही. पहिल्या खेपेला तर ती नकोतच, कारण पडद्यावर आकडे आपोआप बदलतात आणि स्वतःच्या हाताने जास्तीचा आकडा लिहिल्याची खूण मागे राहत नाही.

माझी विनंती विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आहे. अभ्यासक्रमात जिथे साठा, पुरवठा साखळी आणि गुणवत्ता ही प्रकरणे आहेत, तिथे खेळासाठी सलग दोन तासिका आणि त्याच आठवड्यात चर्चेसाठी पूर्ण एक तासिका नावानिशी छापावी, म्हणजे ती घेणाऱ्या शिक्षकाला खुलासा देत बसावे लागणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण विद्यार्थ्याने खुणा केलेल्या स्वतःच्या पत्रकाला आणि त्यावर लिहिलेल्या एका पानाला द्यावेत. ते पान मराठीत लिहिण्याची मुभा असावी. लेखी परीक्षेत कारणांची यादी विचारण्याऐवजी एखाद्या संघाच्या २० आठवड्यांच्या ऑर्डरी छापून, घाऊक व्यापाऱ्याने वाटेवरचा माल कोणत्या आठवड्यात विसरला ते शोधायला सांगावे. आणि नव्या शिक्षकांना हे खेळ आधी स्वतः खेळायला मिळावेत, कारण आलेखावर ज्याने स्वतः कधी तो खोटा डोंगर काढलेला नाही त्याला चर्चा चालवणे अवघड जाते.

बिस्किटांच्या खेळाची मराठी पत्रके आणि नियमांचे दोन पानी टिपण मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. कोणा अध्यापकाने मागितल्यास त्याची झेरॉक्स द्यावी. मागणीच्या पत्त्यांवरचे आकडे मी मुद्दाम कोरे ठेवले आहेत.

आपला,
ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा एक अध्यापक,
चिंचवड, पुणे